पहिला घास शेजारणीचा

मुलुंड पूर्वेला नवघर रोडवर 'प्राजक्त' नावाची सोसायटी आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर दोन दारं समोरासमोर आहेत. तीनशे एकमध्ये जयंती राहते, तीनशे दोनमध्ये शीतल. ही गोष्ट जयंतीची. शीतलची का नाही, असं कुणी विचारेल. तर शीतलला कुणाचा हेवा वाटत नाही, आणि ज्या बाईला कुणाचा हेवा वाटत नाही तिची गोष्ट सांगायला घेतली तर चहा निवायच्या आत संपते. जयंतीला मात्र वाटायचा. सकाळी दाराला अडकवलेली दुधाची पिशवी काढतानाही समोरच्या दाराला आज कोणतं तोरण लागलंय हे पाहिल्याशिवाय ती आत वळायची नाही.

सुरुवातीला असं नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी शीतल, तिचा नवरा सम्यक आणि त्यांची मुलगी यशोधरा वाकोल्याहून इथे राहायला आले, तेव्हा पहिला चहा जयंतीनेच नेऊन दिला होता. दोघींच्या मुली एकाच वयाच्या, जेमतेम दीड महिन्याचा फरक. शीतल मूळची वाशीमकडची, बीएमसीच्या पाणी खात्यात ज्युनियर इंजिनिअर. हेल्मेट घालून स्कूटरवर निघायची, बोलायला रोखठोक, हसायला मोकळी. पहिले चार दिवस 'अहो जयंतीताई, तुम्ही' झालं आणि पाचव्या दिवशी 'अगं जयंतीताई, तू' सुरू झालं. त्या 'तू'चं जयंतीला तेव्हा फार बरं वाटलं होतं. बिल्डिंगमध्ये तिला असं 'तू' म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग हळूहळू दुखायला लागलं. आधी पाण्यावरून. पूर्वी पाणी आलं नाही की बायका जयंतीच्या दाराची बेल वाजवायच्या, कारण तिचा नवरा देवव्रत सोसायटीचा सेक्रेटरी. आता सगळ्या परस्पर समोरचं दार वाजवू लागल्या. "शीतल, पाणी कधी येणार गं?" शीतल फोन लावायची, कुठल्याशा व्हॉल्व्हचं नाव घ्यायची आणि वीस मिनिटांत नळ फुरफुरायला लागायचे. पाणी जयंतीच्याही नळाला यायचं, पण ते भरताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नंतर मुलींवरून. यशू सँडलचा पट्टा स्वतः लावायची, कारल्याची भाजी तोंड वाकडं न करता खायची. जयंतीची इरावती भातातली मोहरी वेचून ताटाच्या कडेला लावत बसायची.

हे सगळं जयंतीने एक वेळ गिळलं असतं. पण दिवाळीनंतर एका दुपारी इरा समोरून खेळून आली, हाताला तूप आणि हनुवटीला गूळ लागलेला. शीतल ज्वारीची भाकरी गूळतुपात कुस्करून तिचे लहान लहान लाडू वळायची. इराने असे चार खाल्ले होते. जयंतीने तिच्यासाठी मुद्दाम केलेला शिरा पुढे ठेवला, तर इरा म्हणाली, "नको. शीतल मावशीच्या हातचं छान लागतं. आई, तू पण तिच्याकडून शीक ना."

जयंतीने शिरा फ्रीजमध्ये टाकला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. त्या दिवसापासून शीतलचं नाव तिने तोंडातून काढलं नाही. तीनशे एकमध्ये शीतलचं नाव पडलं शेजारीण. "शेजारणीकडे किती वेळ बसतेस?" "शेजारणीकडचं काही खायचं नाही." "शेजारणीला आपल्या घरातलं काही सांगायचं नाही." दिवसातून दहा वेळा, बोट वर करून.

कुणी तिला विचारलं असतं, की बाई, हे खाण्यावर बंदी घालण्याचं प्रकरण नेमकं कशावरून, तर ती चिडून म्हणाली असती, "छे! आम्ही तसलं काही मानत नाही." आणि ते तिला मनापासून खरं वाटत होतं. आपल्या आजीच्या तोंडची ओळ जशीच्या तशी आपल्या तोंडात आली कशी, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. हेव्याला वापरायला जे हाताशी सापडतं ते तो वापरतो, धुतलेलं आहे की नाही हे बघत नाही.

अशात डिसेंबर आला आणि 'नलिनी'चे फॉर्म निघाले.

नलिनी कन्या बालशाळा म्हणजे मुलुंडातल्या आयांचा नवस. छोट्या शिशूपासून चौथीपर्यंतची, फक्त मुलींची, खाजगी शाळा. सरकारचं अनुदान घेत नाही, वर्गात तिसाच्या वर मुली नाहीत, आवारात बकुळीचं झाड आणि प्रत्येक बाईंना प्रत्येक मुलीचं नाव पाठ. तीस जागा आणि तीनशेच्या वर फॉर्म. जयंती स्वतः त्या शाळेची. तिच्या आईच्या घरी अजून तिचा चौथीचा फोटो भिंतीवर आहे. इराला तिथे प्रवेश मिळायलाच हवा, हे तिने इराच्या बारशालाच ठरवलं होतं. आणि गेल्या महिन्यापासून त्यात एक वाक्य वाढलं होतं. इराला मिळायला हवा आणि यशूला मिळायला नको. शाळा वेगळी झाली की मैत्री सुटेल, मैत्री सुटली की समोरचं दार सुटेल, आणि आपली मुलगी आपल्याला परत मिळेल. असा तिचा सरळ हिशेब होता.

फॉर्म द्यायच्या सकाळी शीतलनेच बेल वाजवली. "जयंतीताई, चल ना, स्कूटरवर बस. रिक्षा मिळायची नाही आता." नाही म्हणायला काही कारण सापडेना. गेल्या दोघी. खिडकीवर एकामागे एक उभ्या राहिल्या आणि नंबर पडले, इराच्या फॉर्मला एक्केचाळीस आणि यशूच्या बेचाळीस.

येताना शीतलने सिग्नलला मान मागे वळवून विचारलं, "त्या 'ओळखीच्या सकाळी' काय करतात गं? मुलीला डबा द्या असं लिहिलंय. तू तर इथलीच ना, सांग की."

लहान मुलांची मुलाखत घ्यायला बंदी आहे, म्हणून नलिनीत मुलाखत होत नाही, ओळखीची सकाळ होते. त्या सकाळी तिथे काय बघतात हे बाहेरच्या कुणाला ठाऊक नव्हतं. जयंतीला ठाऊक होतं. ए बी सी डी नाही, रंग नाहीत, गाणी नाहीत. बाई सगळ्यांना डबे उघडायला लावतात आणि म्हणतात, पहिला घास कुणाचा? नलिनीची ही पहिल्या दिवसापासूनची रीत. बाकावर जी बाजूला बसते ती शेजारीण, आणि पहिला घास शेजारणीचा. आधी तिला द्यायचा, तिचा घ्यायचा, मग आपलं जेवण. जयंतीची शेजारीण रतन नावाची मुलगी होती. तिला पोळीचा पहिला तुकडा द्यायला जयंती सहा वर्षांत एकदाही विसरली नव्हती आणि याचा तिला अजून अभिमान होता.

हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. सिग्नल सुटायला अजून अकरा सेकंद होते.

"काही विशेष नाही गं," ती म्हणाली. "नीट खाते का, सांडते का, एवढंच बघतात. एक मात्र सांगून ठेव यशूला. आपला डबा आपण संपवायचा. कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. हायजीनचं फार आहे त्यांचं."

"बरं झालं विचारलं," शीतल म्हणाली. "नाही तर आमची बाई वाटत सुटते सगळ्यांना. थँक्स हां."

तीनशे एकमध्ये त्याच संध्याकाळपासून तालीम सुरू झाली. जमिनीवर सतरंजी, दोन डबे, आणि बाजूला मांडी घालून देवव्रत. तो घरून काम करायचा, तेव्हा असल्या कामांना तो आयताच सापडायचा.

"इरा, हे बाबा नाहीत. ही तुझी शेजारीण. आता डबा उघडलास की काय करायचं?"

इराने बाबाकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. "शेजारीण?"

"हो, शेजारीण. तिला पहिला घास द्यायचा."

"पण शेजारणीला..."

"मध्ये बोलायचं नाही. दे घास."

इराने बाबाच्या तोंडात पोळी कोंबली. देवव्रतने मिशीला लागलेलं तूप पुसलं आणि म्हणाला, "शेजारीण तृप्त झाली. पण जयंती, पोरगी काहीतरी विचारत होती."

"तू गप्प बस रे. तुझ्या मीटिंगला उशीर होतोय."

आठ दिवस हे चाललं. संध्याकाळी सातला सतरंजीवर शेजारणीला घास द्यायचा आणि बाकी दिवसभर शेजारणीला काही द्यायचं नाही, तिचं काही घ्यायचं नाही. मोठ्या माणसाला यातला फरक कळतो. पावणेचार वर्षांच्या मुलीने काय करावं? तिने मोजदाद केली असावी. जे दिवसातून एकदा ऐकलं त्यापेक्षा जे दहा वेळा ऐकलं ते जास्त खरं.

जानेवारीतल्या एका शनिवारी ओळखीची सकाळ होती. छोट्या शिशूच्या वर्गात बुटके बाक मांडलेले, एका बाकावर दोन मुली. मागे भिंतीलगत आयांसाठी लांब बाकडं. बसायचं फॉर्मच्या नंबराप्रमाणे. एक्केचाळीस आणि बेचाळीस. इराच्या बाकावर यशू आणि मागे जयंतीच्या बाजूला शीतल. जयंतीचा जीव क्षणभर चरकला. मग तिने विचार केला, एका अर्थी बरंच आहे. इरा घास पुढे करेल, यशू डबा हाताने झाकून बसेल, आणि दोघींमधला फरक एका बाकावर एका नजरेत दिसेल. असे मनातल्या मनात मांडे खात ती पदर सावरून बसली.

सुहासिनीबाई आल्या. त्या आता मुख्याध्यापिका होत्या. जयंतीच्या वेळी मोठ्या शिशूला शिकवायच्या. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण आवाज तोच. त्यांनी बकुळीची फुलं मोजायला दिली, मांजराचा आवाज काढून दाखवला, रडणाऱ्या दोघींना खिडकीतून झाड दाखवलं. मग म्हणाल्या, "भूक लागली ना? चला, डबे उघडा. आपल्या शाळेत पहिला घास कुणाचा असतो, ठाऊक आहे?"

जयंती बाकड्यावर पुढे सरकली. इराने डोळे मोठे केलेले तिला पाठमोऱ्या मानेवरूनही कळलं. सांग, सांग बाळा.

"पहिला घास असतो," बाई म्हणाल्या, "शेजारणीचा."

तो शब्द कानावर पडला मात्र, इराने दोन्ही हात डब्यावर ठेवले. घट्ट. मुली इकडेतिकडे बघू लागल्या, एकीने बाजूचीच्या डब्यात बिस्किट टाकलं, दुसरी हसली. बाई फिरत फिरत त्या बाकापाशी आल्या.

"इरावती, तू नाही देणार शेजारणीला?"

इरा उभी राहिली. उत्तर तिला येत होतं, आणि येतंय याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. तिने उजव्या हाताचं बोट वर केलं, अगदी आईसारखं, आणि आईच्याच चालीत म्हणाली, "शेजारणीला काही द्यायचं नाही. शेजारणीकडचं काही खायचं नाही. शेजारणीला काही सांगायचं नाही!"

कुणीतरी आई फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या. "असं कोण सांगतं गं?"

"आई."

"आणि शेजारीण कोण?"

इराने गर्रकन मागे वळून ते बोट बाकड्याकडे केलं. "ती. शीतल मावशी."

जयंतीला वाटलं, फरशी दुभंगावी. फरशा काही दुभंगत नाहीत. बाजूला शीतलच्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता. शीतलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर सोसलं असतं. ती नुसती बघत होती. तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जागेवर बसत चाललेली जयंतीला दिसत होती. बंद झालेलं येणंजाणं, न खाल्लेले लाडू, सिग्नलवरचं ते हायजीन.

तेवढ्यात यशू उठली. तिच्या डब्यात भाकरीचे चार लाडू होते, त्यातला एक तिने हातात घेतला होता आणि तो तसाच धरून ती अडून राहिली होती. वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आई, देऊ?"

सगळ्या आयांच्या माना शीतलकडे वळल्या. शीतल काही क्षण बोलली नाही. ते क्षण जयंतीने मोजले नाहीत, पण ते अकरा सेकंदांपेक्षा जास्त होते.

"दे," शीतल म्हणाली. मग बाईंकडे बघून, "बाई, डबा कुणाला द्यायचा नाही असं तिला मीच सांगून ठेवलं होतं. माझी चूक झाली. ती एरवी देते."

मीच सांगितलं होतं, म्हणाली. जयंतीचं नाव नाही घेतलं. इराने लाडू घेतला, एकदा मागे आईकडे पाहिलं आणि दोन घासांत संपवला. इतक्या दिवसांनी मिळालेला. बोटंसुद्धा चाटली. आणि तुम्हाला खरं सांगायचं, तर त्या घटकेला जयंतीला लाज वाटली त्याहून जास्त शीतलचा हेवा वाटला. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर 'माझी चूक' म्हणता येतं, हे बाईला जमतं तरी कसं? आपल्याला नसतं जमलं. आपण सगळ्या वर्गासमोर हिशेब मांडला असता.

निघताना सुहासिनीबाई दारात उभ्या होत्या. प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. इराच्याही ठेवला. "हिची काही चूक नाही हं," त्या जयंतीला हळू म्हणाल्या. "हिने आईचं ऐकलं." जयंतीने मान खाली घातली. बाईंनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. "तू रतनच्या बाजूला बसायचीस ना? तिच्या डब्यात सुकट असायची. तू तिला रोज घास द्यायचीस, आठवतं मला. तिचा घ्यायची नाहीस. ती पुढे केलेला हात तसाच मागे घ्यायची. मी तेव्हा नवीन होते, बोलले नाही. बोलायला हवं होतं."

जयंतीला रतनचा तो हात आठवत नव्हता. तिने खूप आठवून पाहिला. आपण दिलेले तुकडे तेवढे आठवत होते.

फाटकाबाहेर शीतल स्कूटरला किल्ली लावून उभी होती. यशू पुढे उभी. जयंतीने ठरवलं होतं, काय बोलायचं ते बोलू दे, ऐकून घेऊ. भांडण झालं असतं तर निदान बरोबरीत आल्यासारखं वाटलं असतं. "शीतल," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते नाव तिच्या तोंडून निघालं.

"ऊन फार आहे," शीतल म्हणाली. "इराला घेऊन मागे बसा. तुम्हाला घरी सोडते."

बसा. तुम्हाला. शीतलने आवाज चढवला नव्हता, तोंड फिरवलं नव्हतं. फक्त 'तू' काढून घेतलं होतं. कुणी आपल्या घरी राहिलेलं स्वतःचं पातेलं शांतपणे परत न्यावं, तसं. जयंती "नको, रिक्षाने येते" म्हणाली आणि अर्धा तास उन्हात उभी राहिली. रिक्षा मिळाली नाही. शेवटी इराला कडेवर घेऊन चालत घरी आली.

आठ दिवसांनी यादी लागली. बेचाळीस नंबर यादीत होता. एक्केचाळीस नव्हता. तो खाली होता, प्रतीक्षा यादीत दुसरा. मार्चपर्यंत जयंती दर सोमवारी शाळेत फोन करून विचारत राहिली. यादी हलली नाही. नलिनीत मिळालेली जागा कोण सोडतं? देवव्रत एकदाच बोलला. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच," म्हणाला, आणि बायकोचं तोंड बघून पुढचं गिळलं. इराचं नाव स्टेशनजवळच्या दुसऱ्या शाळेत घातलं. शाळा चांगली होती. पन्नास मुलं, पिवळी बस, वर्गात मोठा टीव्ही.

समोरच्या दाराशी भांडण असं झालंच नाही. पाण्याचा निरोप यायचा: "उद्या सकाळी प्रेशर कमी राहील, भरून ठेवा." भरून ठेवा. लिफ्टमध्ये भेट झाली तर "कशा आहात?" इराच्या वाढदिवसाला यशूच्या हातून रंगीत खडूंचा डबा आला. सगळं रीतसर, सगळं अहो-जाहो. बिल्डिंगमधल्या कुणाला काही कळलं नाही. जयंतीला मात्र दर 'तुम्ही'ला चिमटा बसायचा, आणि पलीकडच्या तीनशे चारमधल्या चंपाकाकूंना शीतल "काय गं काकू" म्हणाली की आतल्या आत जळायला व्हायचं. पूर्वी शीतलकडे जे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून जळायची. आता शीतलकडून जे इतरांना मिळतं ते आपल्याला मिळत नाही म्हणून.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. मुलींनी जिन्यात एकमेकींना गणवेश दाखवले. आता इराला काही खाऊ नको सांगायची जयंतीची हिंमत नव्हती, पण इरानेच समोर जाणं कमी केलं होतं. लहान मुलांना घरातली हवा कळते.

एका संध्याकाळी साडेसातला जयंतीने ताटात वरणभात कालवून इराच्या पुढे ठेवला. इराने पहिला घास उचलला आणि थांबली. मोहरी वेचायला असेल, असं जयंतीला वाटलं. इराने तो घास बाजूच्या वाटीत टाकला आणि वाटी घेऊन उठली.

"कुठे चाललीस?"

"यशू म्हणाली, त्यांच्या शाळेत पहिला घास शेजारणीचा असतो. आमच्या शाळेत नसतो. आमच्या शाळेत बाजूला ओजस बसतो, तो देत नाही." तिने दार उघडलं. "म्हणून घरी देते."

जयंती मागोमाग धावली ती उंबऱ्याशी थांबली. इराने समोरची बेल वाजवली होती. शीतलने दार उघडलं. हाताला पीठ, कपाळावर केस आलेले. समोर वाटी धरून उभी असलेली पोरगी, आणि तिच्या मागे तिची आई.

"मावशी, पहिला घास," इरा म्हणाली. "शेजारणीचा."

शीतलने वाटीकडे बघितलं. मग ती उकिडवी बसली. "आईला विचारलंस?"

इराने मागे वळून बघितलं. अगदी यशूने बघितलं होतं तसंच. "आई, देऊ?"

जयंतीला 'दे' म्हणायचं होतं. त्याबरोबर आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं. सिग्नलवरचं, रतनचं, बाथरूममधल्या नळाचं, आणि हेही की मला माफ कर गं. त्यातला एकच शब्द बाहेर पडला.

"दे."

शीतलने तोंड उघडलं. इराने घास भरवला, थोडा सांडला. शीतलने तो सावकाश चावून खाल्ला आणि हनुवटीवरचं शीत हाताच्या मागच्या बाजूने पुसलं. "मस्त आहे," ती इराला म्हणाली. "मीठ जरा कमी आहे. आता तू माझा घास घेणार की नाही? ये आत, भाकरी गरम आहे. यशू, बघ गं कोण आलंय!"

इरा वाटीसकट आत पळाली. जयंती उंबऱ्यात उभीच होती. तिचा एक पाय पुढे पडलाही होता.

शीतल उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही होतं थोडंसं.

"हिला जेवायला घालून सोडते आणून," ती म्हणाली. "तुम्ही दार लावून घ्या. डास येतात."

जयंतीने दार लावलं. पुरतं नाही, बोटभर फट ठेवली. समोरून तिघींचं हसणं येत होतं, तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज येत होता, आणि मधूनच शीतलचं, "ए इरा, तू नीट बस गं." पोटच्या पोरीचा कधी कुणाला हेवा वाटतो का? ताटातला कमी मिठाचा भात गार होत होता आणि जयंती त्या फटीला कान लावून उभी होती. तिला वाटत होता.